तोंडवळा सारखा, टाइप वेगळा

प्रश्न : मी सी भाषेत 'पॉइंट' आणि 'व्हेलॉसिटी' अशी दोन स्ट्रक्ट (अनेक किमतींचा एकत्र गठ्ठा) लिहिली. दोन्हींत एक्स आणि वाय हे दोन इंटच, म्हणजे पूर्णांकच, आहेत. तरी एक व्हेरिएबल दुसऱ्यात टाकायला गेलो की कम्पायलर 'इनकम्पॅटिबल टाइप्स' म्हणून अडवतो. कास्ट करूनही, म्हणजे 'याला तो टाइप समज' असं सांगूनही, ऐकत नाही. मेमरीत दोन्ही आठच बाइट घेतात, मग घोडं अडतं कुठे?

उत्तर : नावावर. सी भाषा स्ट्रक्टला तोंडवळ्यावरून ओळखत नाही, डिक्लेरेशनवरून ओळखते. जुळ्या बहिणी दिसायला कितीही सारख्या असोत, रेशनकार्डावर नावं दोन असतात. कास्टचं म्हणाल तर ते आकडे आणि पॉइंटर यांच्यासाठी असतं; एक अख्खं स्ट्रक्ट कास्ट करून दुसरं होत नाही. टॅग, म्हणजे 'स्ट्रक्ट' या शब्दापुढचं नाव, न दिलेल्या स्ट्रक्टची तर आणखी गंमत. तेच शब्द दोन ओळींत दोनदा लिहून दोन व्हेरिएबल केलीत तर ती दोन वेगळ्या टाइपची. एकाच डिक्लेरेशनमध्ये स्वल्पविराम देऊन केलीत तर एकाच टाइपची.

माझ्या मते इथे कम्पायलर तुमच्याच बाजूने आहे. जागा आणि वेग यांची सरमिसळ त्याने पकडलेली बरी. खरंच हवं असेल तर एक्सला एक्स, वायला वाय असं लिहा. दोन ओळींचं काम.

प्रश्न : टाइपडेफ वापरून मी इंटचे 'रुपये' आणि 'पैसे' असे दोन टाइप केले. रुपये मागणाऱ्या फंक्शनला चुकून पैसे दिले, तर कम्पायलर गप्प! असं कसं?

उत्तर : टाइपडेफने नवा टाइप होत नाही, जुन्याला टोपणनाव मिळतं. घरचा बाळू आणि शाळेतला बाळकृष्ण एकच. वेगळेपणा हवा असेल तर पहिल्या प्रश्नातली अडचणच कामाला लावा: एकच इंट असलेली दोन स्ट्रक्ट करा. मग शंभर पैशांचे शंभर रुपये होणार नाहीत.

प्रश्न : आमच्या प्रोजेक्टमध्ये दोन सी फाइलींत एकच स्ट्रक्ट हाताने दोनदा लिहिलं आहे, हेडर नाही. स्ट्रक्ट डिक्लेरेशनवरून ठरतं म्हणता, मग हे चालतं कसं?

उत्तर : चांगलं पकडलंत. हेडर म्हणजे तरी काय? 'इन्क्लूड' लिहिलं की त्या फाइलचा मजकूर जसाच्या तसा तिथे चिकटवला जातो. म्हणजे दहा फाइलींत तेच स्ट्रक्ट दहादा डिक्लेअर होतं, आणि कम्पायलर एका वेळी एकच फाइल बघतो. प्रत्येक वेळी ते परकं धरलं असतं तर अनेक फाइलींचा प्रोग्रॅम उभाच राहिला नसता. म्हणून स्टँडर्डमध्ये, म्हणजे सीच्या अधिकृत नियमावलीत, फाइलींच्या दरम्यान वेगळा नियम आहे: मेंबरांची (आतल्या घटकांची) संख्या, नावं, टाइप आणि क्रम जुळले, बिटफील्डची (मोजके बिट दिलेल्या मेंबरांची) रुंदी जुळली, की टाइप कम्पॅटिबल. टॅगही तोच हवा, ही अट सी९९ या आवृत्तीत आली.

तेव्हा तुमचा कोड आज बरोबर आहे. पण उद्या कुणी एका फाइलीत मधेच एक मेंबर घुसवला तर? कम्पाइल झालेल्या फाइली जोडणारा लिंकर सहसा चकार शब्द काढत नाही, आणि वाचताना भलतेच आकडे मिळतात. हेडर करा, आजच. जीसीसी या कम्पायलरमध्ये एलटीओ (जोडताना सगळ्या फाइली एकत्र बघून होणारं ऑप्टिमायझेशन) चालू केलंत तर अशा विसंगतीची वॉर्निंग मिळू शकते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

जाता जाता: सी२३ या नव्या आवृत्तीत हा नियम एकाच फाइलीच्या आतही आला. तोच टॅग, तोच मजकूर पुन्हा लिहिला तर आता चूक नाही. मॅक्रोमधून (कम्पाइल होण्याआधी मजकूर भरणाऱ्या साच्यातून) स्ट्रक्ट तयार करणाऱ्यांची मोठी सोय झाली. जीसीसी १५ मुळातच सी२३ धरून चालतो. पॉइंट आणि व्हेलॉसिटी मात्र अजूनही वेगळेच, कारण टॅग वेगळे.

प्रश्न : मी पॉइंटच्या पत्त्याला व्हेलॉसिटीचा पॉइंटर म्हणून कास्ट केलं. छान चाललं. ओ२ ऑप्टिमायझेशन लावलं आणि जुनीच किंमत दिसायला लागली.

उत्तर : छान चाललं नव्हतं, निभावलं होतं. ओ२ला जीसीसी असं धरून चालतो की दोन वेगळ्या स्ट्रक्टचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत. मग एकातून लिहिलेलं दुसऱ्यातून वाचताना तो मेमरीकडे न जाता रजिस्टरमधली (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेतली) जुनी किंमत खुशाल वापरतो. याला स्ट्रिक्ट एलिअसिंग म्हणतात. लिनक्स कर्नल हे बंद करूनच बांधतात, पण तुम्हाला त्याची गरज नाही. मेमकॉपी या बाइट नकलणाऱ्या फंक्शनने आठ बाइट उचलून ठेवा. आकार ठरलेला असल्याने कम्पायलर त्याच्या जागी प्रोसेसरच्या एकदोन सूचनाच घालतो, त्यामुळे वेगाची काळजी नको.

प्रश्न : माझ्या मशीनवर इंट आणि लाँग दोन्ही चार बाइटचे. इंटचा पत्ता लाँगच्या पॉइंटरला दिला तर वॉर्निंग का?

उत्तर : आकार एक, टाइप दोन. एका बाइटचे साधा कॅर, साइन्ड कॅर आणि अनसाइन्ड कॅर हे तर तीन टाइप आहेत! आणि वॉर्निंगवर निभावलं असं समजू नका. जीसीसी १४पासून पॉइंटरांची अशी गल्लत थेट एरर आहे.