गाडी घेण्याआधी हे वाच

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला, गाडीचे फोटोही मिळाले. अग्निवीर म्हणून तुझी चार वर्षं संपत आली. सुटताना मिळणाऱ्या सेवा निधीचे ११ लाख ७१ हजार हातात पडतील, त्यातले निम्म्याहून जास्त एका गाडीत घालायचे, आधी '२४ तासांत हजार मैल' करून दाखवायचे आणि मग थेट लेह गाठायचं, असा तुझा बेत दिसतो. दुसऱ्या दिवशी तुझ्या वडिलांचाही फोन आला. "मेजर, ते तुमचंच ऐकतंय, तुम्हीच सांगा." (आपल्याकडे शिपाई असो की सुभेदार, मिलिटरीतून आला की मेजरच. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.)

त्यांची वकिली करायला हे लिहीत नाही. फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन शाखेत, मी डिस्पॅच रायडर होतो. डाकेची थैली पाठीवर घेऊन बुलेट हाणायची, याचाच सरकारनं मला पगार दिला. पेन्शनवर आल्यावरही गाडी सुटली नाही, सुटणारही नाही. तेव्हा "जाऊ नको" हे माझ्या तोंडून तुला ऐकायला मिळणार नाही. पण लांब जाणाऱ्याचा खुंटा पक्का पाहिजे. दावं कितीही लांब असू दे.

आधी पैशाचं बोलतो, म्हणजे कटकट संपेल. मी पडलो तर ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या औषधोपचाराची सरकारी योजना) कार्ड आहे, आणि पडून राहिलो तरी महिन्याच्या शेवटी पेन्शन जमा होते. अग्निवीर म्हणून सुटलास की तुला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कार्डही नाही. नोकरीत असेपर्यंत ४८ लाखांचा विमा होता, तोही गेटमधून बाहेर पडलास की संपला. म्हणजे एकाच खड्ड्यात आपण दोघं पडलो तरी माझं प्लास्टर वेगळं आणि तुझं वेगळं. म्हणून पहिल्यांदा मुदतीचा विमा आणि आरोग्य विमा, नॉमिनी म्हणून माय, आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवलेला. मग गाडी. तीही ३५० सीसीच्या आत बघ. सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंतच्या गाडीला जीएसटी १८ टक्के आहे, त्याच्या वर ४० टक्के. तू फोटो पाठवलेली गाडी वरच्या खान्यातली आहे. एवढा फरक तू कशासाठी भरणार? आपल्या रस्त्यांवर तिचा पाचवा-सहावा गिअर पडेल कधी?

आता हजार मैल. अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन त्याचं सर्टिफिकेट देते, सॅडलसोर म्हणतात त्याला. हजार मैल म्हणजे १,६०९ किलोमीटर. चोवीस तासांनी भागलं की ताशी ६७ येतात, आणि तुझ्या वयाच्या पोरांना वाटतं, एवढंच होय! त्यातून पेट्रोल, जेवण, लघवी, पुराव्याच्या पावत्या आणि थोडी झोप यांचे तीन-साडेतीन तास वजा कर. मग चालत्या गाडीची सरासरी ७७ ते ७९ पडते. सरासरी, बाबा. अहमदपूर, लोहा, गावोगावचे गतिरोधक, बाजाराचा दिवस, सगळं धरून. समृद्धी महामार्गाचा विचारच करू नको, तिथं दुचाकीला बंदी आहे. धुळे-सोलापूर रस्ता धरून पुढं विजयपूरकडं उतरायचं, नाहीतर हैदराबाद गाठून बंगळूरच्या रस्त्याला लागायचं, असा चौपदरी पल्ला निवडलास तरच हे गणित बसतं.

हे वेगानं होत नाही. ऐंशीचे शंभर केलेस तर शंभर किलोमीटरमागं पंधरा मिनिटं वाचतात, आणि तीच पंधरा मिनिटं पुढच्या टपरीवर चहा आणि मोबाईलमध्ये जातात. डाक नेताना आमच्या रजिस्टरमध्ये निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ लिहिलेली असे. तिथं कळलं की वेळ हँडलवर मिळत नाही, थांब्यावर मिळते. पंपावर उतरलास की पेट्रोल, लघवी, पाणी, पावती, आणि टायर-चेनवर एक नजर. दहा-बारा मिनिटांत परत रस्त्यावर. पण आराम करायला थांबशील तेव्हा खरंच आराम कर. रात्री दोन ते पाच या वेळात शरीर आपोआप ढासळतं, पहाऱ्यावर उभा राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मागचं गाव कोणतं गेलं ते आठवेना, खाली आधीच लागलेला गिअर पुन्हा लावायला पाय गेला, पट्ट्याच्या पलीकडं चाक गेलं, यातलं एक जरी झालं तरी पुढचा पंप बघून बाकावर वीस मिनिटं आडवं व्हायचं. आणि तरीही उतरलं नाही तर सर्टिफिकेट सोडायचं. ते पुढच्या वर्षीही मिळतं. आधी चारशे कर, मग सहाशे, मग आठशे. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात जाता आलं तर हजाराचं बोलू.

लांब पल्ल्याचा खरा मास्तर मी नाही, तुझी काकू आहे. ती मागं बसते. तिचे गुडघे धरतात, म्हणून तिची पहिल्यापासूनची अट आहे, दर दीड तासाला उतरायचं, पाच मिनिटं चालायचं, घोटभर पाणी प्यायचं. एकट्या पोरांबरोबर गेलो की तीनशे किलोमीटरनंतर सगळे कमरेला हात लावून बसतात. तिच्याबरोबर तेवढंच अंतर केलं की संध्याकाळी आम्ही गप्पा मारत असतो. उन्हाळ्यात तर तिचं ऐकावंच लागतं. एप्रिल-मेमध्ये पहाटे चारला निघायचं आणि अकराच्या आत सावलीला लागायचं. लातूर-परभणीच्या उन्हात जाकिटातल्या माणसाला तहान लागल्याचं कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

आणि जायचं कधी हेसुद्धा तीच ठरवते. माझ्या नोकरीभर शेत, सासू-सासरे, बँक, पोरांच्या शाळा सगळं तिनं ओढलं. पेन्शनवर आलेले किती तरी जण मी पाहतो. घरी आले की सकाळी सहाला सगळ्यांना फॉल-इन करतात, भांडी कुठं ठेवायची याचे हुकूम सोडतात, आणि वर्षभरात घरात कुणी त्यांच्याशी धड बोलत नाही. मग वैतागून गाडी काढतात आणि त्याला छंद म्हणतात. आमच्या घरी खरिपाच्या पेरणीत गाडी हलत नाही. सोयाबीन घरात येऊन हरभरा पेरून झाला की मला पंधरा दिवस मिळतात. तू तर बाविशी-तेविशीत परत येतोयस. तू नव्हतास तेव्हा घरानं तुझ्याशिवाय चालायची सवय लावून घेतलीय, तिथं हळूच जागा करून घ्यावी लागेल. पहिला पावसाळा पूर्ण घरी काढ. वडिलांबरोबर बांधावर जा, भरतीचे फॉर्म भर, मायला दवाखान्यात ने. लेह कुठं जात नाही.

देवाचं तू विचारलंस, ते बरं केलंस. "काका, तुम्ही माळकरी, निघताना देवाला काय मागता?" सुखरूप पोचव, हे मागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी जबलपूरला होतो. आदल्या रात्री लोक गणपती बोळवून झोपले होते. सुट्टी घेऊन आलो, तेव्हा दगड-मातीच्या रुंद भिंती नुसते ढीग होऊन पडल्या होत्या, आणि ज्यांच्या घरी मी लहानपणी जेवलो ती घरं कुठली तेही ओळखू येईना. आमचं घर वाचलं. बायका म्हणायच्या, देवानं राखलं. मग ते गेले, त्यांच्यावर देवाचा राग होता काय? त्यांच्यातले कितीतरी माझ्यापेक्षा निष्ठेनं वारी करणारे होते. तेव्हापासून जीव राखायचं काम मी देवावर टाकत नाही. ते काम हेल्मेटचं, टायरचं आणि माझ्या डोळ्यांचं.

मग माळ कशाला? दिवेलागणीला हरिपाठ म्हणायचा म्हणून. कुठंही असलो तरी सूर्य टेकला की गाडी बाजूला लागते. पंपामागं, एखाद्या मारुतीच्या पारावर, मिळेल तिथं बसतो आणि अंधार पुरता पडल्यावर उठतो. आता तू रायडर म्हणून बघ. आपल्या भागात तेवढाच अर्धा-पाऊण तास सगळ्यांत वाईट. ऊन तिरपं डोळ्यात येतं, गुरं घराकडं वळलेली असतात, शाळेची पोरं सायकलवर असतात. आणि नोव्हेंबर ते मार्च ऊसवाहतूक, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाहेर आलेलं ऊसाचं वाढं रस्त्याला घासत चाललेलं. सोयाबीन काढणीच्या दिवसात लोक अर्ध्या रस्त्यावर धान्य वाळत घालतात, भोवती दगड लावतात, ते दगड संध्याकाळी दिसत नाहीत. माझे सोबती म्हणतात, सुभेदारसाहेब, तुमचा देव फार हुशार. म्हणू देत.

देवाच्या वाटेवर तर जास्तच हळू. नवरात्रात ज्योत घेऊन पळणारी पोरं, कोजागरीला तुळजापूरला रात्रभर चालणारी माणसं, आषाढी वारीला पैठणहून निघालेली नाथांची पालखी. रस्ता त्यांचा असतो, आपण उतरून ढकलत जायचं. नांदेडला मात्र मी निवांत जातो. माझा जुना जोडीदार पंजाबातून हजूर साहिबला येतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथं देह ठेवला तिथं त्याला माथा टेकायचा असतो, मला त्याला भेटायचं असतं. लंगरमध्ये पंगतीला शेजारी बसून आम्ही पहिला तासभर युनिटमधल्या शिव्या देतो. युनिटच्या सर्वधर्म स्थळावर एकाच छपराखाली मंदिर परेड आणि गुरुद्वारा परेड केलेली माणसं आम्ही, आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

लेहबद्दल एवढंच. तू स्वतः उंचीवर राहिलास. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, मग १५ हजारांपर्यंत चार, त्याच्या वर आणखी चार, असं शरीर मुरवूनच फौज माणसाला वर सोडते. लेह साडेअकरा हजारांवर आहे. सिव्हिलमधली पोरं विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीवर 'खारदुंग ला' ही खिंड चढतात. सिव्हिल कपडे घातले म्हणून तुझी फुप्फुसं बदलणार नाहीत, सहा दिवस धरूनच बेत आख. सोबत क्लचची तार, प्लग, पाना, ट्यूब आणि हातपंप असू दे, आणि टायर स्वतः काढून बसवता आल्याशिवाय जिल्हा ओलांडू नको.

सुटून आलास की एक-दोन आठवड्यांनी घरी ये. काकूच्या कानावर आलंय की तुझ्या मायला बरेच दिवस हजूर साहिबला जायचंय. औशाहून सकाळी निघू, तू मायला मागं बसव, मी काकूला घेतो, रात्री तिथंच राहू. शोरूमला तोवर जाऊ नको, माझी जुनी बुलेट तुला देईन. तिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात आहे, म्हणून आदल्या दिवशीच ये आणि मळ्याच्या रस्त्यावर दहा-वीस चकरा मार. हेल्मेट दोन आण, मायच्या मापाचं वेगळं.

तुझा,
काका