पंपाचा काटा ६२० वरच का अडकतो?

प्रश्न : नागपुरातल्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. आमच्या रोटरी इव्हॅपोरेटरला (कमी दाबाखाली द्रावक आटवणारं यंत्र) बिनतेलाचा, दोन टप्प्यांचा डायफ्रॅम पंप (लवचीक पडद्याने हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप) जोडलेला आहे. मुलं त्यावर संत्र्याच्या सालीचा हेक्झेन या द्रावकातला अर्क आटवतात. पंप नवा होता तेव्हा व्हॅक्यूम गेजचा काटा ७२० मिलिमीटरपर्यंत जायचा, आता ६२० वरच अडकतो. ७६० तर कधीच दिसला नाही. मे महिन्यात भर दुपारी पंप आपोआप बंद पडायचा. विकणारे म्हणाले होते, तेलच नाही तर देखभाल कसली! पंप मुळातच सदोष होता का? नवा मागवू का?
– प्रयोगशाळा सहायिका, नागपूर

उत्तर : ताई, नवा मागवू नका. पंप सदोष नव्हता. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती कमी झाला, ते गेज पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दाखवतं. ७६० हा समुद्रकाठचा आकडा. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचावर आहे, इथे हवेचा दाबच ७३० मिलिमीटरच्या आसपास असतो. पंप याहून जास्त ओढणार कुठून? दोन टप्प्यांच्या पंपात सात-आठ मिलिमीटर शिल्लक राहतातच. म्हणजे तुमचा ७२० अगदी चोख होता.

आता मधले १०० कुठे गेले ते पाहू. रोटरीची नळी काढून गेज थेट पंपाच्या तोंडाला लावा. काटा ७२० ला पोचला तर पंप ठणठणीत आहे, गळती नळीत, सीलमध्ये किंवा काचेच्या सांध्यात शोधा. तिथेही ६२० च दिसला, तर हेड, म्हणजे पंपाचा व्हॉल्व्ह असलेला भाग, उघडावं लागेल. मला हीच शंका जास्त आहे, ती संत्र्यांमुळे.

असाच एक पंप माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. हेडचे स्क्रू सैल केले आणि खोलीभर संत्र्याचा वास सुटला. आतल्या व्हॉल्व्हच्या पातळ पट्टीवर पिवळट, चिकट थर बसला होता. बोट लावलं तर पाकासारखी तार आली. पट्टी जागेवर टेकतच नव्हती, मग व्हॅक्यूम धरणार कसा? सालीतलं लिमोनीन हे सुगंधी द्रव्य वाफेबरोबर थोडं थोडं पंपात जातं आणि हवा लागून चिकट होत जातं. साधं रबर ते फुगवतं, म्हणून नवे पडदे घ्याल तेव्हा टेफ्लॉनचेच घ्या.

उघडण्याआधी प्लग काढा आणि प्रत्येक भाग काढताना मोबाइलवर फोटो घ्या. व्हॉल्व्ह उलटा बसला तर पंप ओढणारच नाही. पट्ट्या अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. ब्लेडने खरवडू नका, ग्रीस तर अजिबात लावू नका. पडद्याला चीर असेल तर तो बदला. परत बसवताना समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा.

हेक्झेनसाठी एवढा व्हॅक्यूम लागतच नाही, हे मुलांना जरूर सांगा. ४० अंशांना ते सुमारे २८० मिलिमीटर दाबालाच उकळतं, म्हणजे तुमच्या गेजवर ४५० (७३० वजा २८०) पुरे. काटा त्याच्या पुढे नेला की हेक्झेन कन्डेन्सर (वाफ थंड करून तिचा द्रव करणारा भाग) ओलांडून पंपात शिरतं. त्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापलेलं असतं, की कन्डेन्सर नावालाच उरतो. तेव्हा बादलीत बर्फ टाकून छोट्या पंपाने तेच पाणी फिरवा. दुपारी बंद पडण्याचं कारणही उन्हाळाच. असे बरेच पंप भोवतालच्या ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात आणि आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. पंप भिंतीपासून हातभर पुढे ओढा, काम सकाळी उरका.

सगळ्यात जास्त पंप खराब होतात ते शेवटच्या घाईने. काम संपलं की मुलं बटण बंद करून निघून जातात आणि आत राहिलेली वाफ रात्रभरात द्रव होऊन व्हॉल्व्हवर बसते. तसं न करता नळी काढा, तोंड उघडं ठेवा आणि पंप १५ मिनिटं नुसत्या हवेवर चालू द्या. बाहेर पडणारी नळी तेवढा वेळ फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून टाकणारं कपाट) असू द्या. हेक्झेन पेट घेतं.