रद्दीतला अल्बम आणि कालाकुंडच्या बाई

प्रश्न : खजुरी बाजारात रद्दीच्या ढिगात साठ रुपयांना एक अल्बम मिळाला. काळी पानं, फोटो कोपऱ्यांत अडकवलेले. एकात नऊवारीतल्या बाई ट्रंकेवर बसल्यात, मागे पाटी 'कालाकुंड'. कधीचा असेल? असे परक्यांचे फोटो चारचौघांत दाखवावेत का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : कालाकुंड वाचलं आणि आधी कलाकंद आठवला! पळसाच्या पानावरचा. आमची मीटरगेज रेल्वेगाडी खंडव्याकडे निघाली की पातालपाणीनंतर घाट उतरून कालाकुंड स्टेशनात थांबायची आणि आई खिडकीतून पैसे पुढे करायची. तुमच्या बाईही बहुधा ओंकारेश्वरला निघाल्या असाव्यात. त्यासाठी मोरटक्क्याला उतरावं लागे. ट्रंकेशेजारी तांब्या दिसतो का, बघा बरं.

साल सांगायचं तर पट्टी घ्या. फोटो सहा बाय नऊ सेंटिमीटरचा असेल, तर तो बॉक्स कॅमेऱ्याच्या, म्हणजे जुन्या डब्यासारख्या साध्या कॅमेऱ्याच्या, निगेटिव्हवरून मोठा न करता थेट छापलेला असू शकतो. १९३० ते १९६० च्या दरम्यानचा धरा. कडा करवतीसारख्या कातरलेल्या असल्या तरी काळ साधारण तोच. मग अलगद कोपऱ्यातून सोडवून पाठ पाहा. स्टुडिओचा शिक्का किंवा शाईतली एखादी ओळ सापडते. डिंकाने चिकटलेला असेल तर मात्र ओढू नका, फाटेल.

दाखवा की! फक्त पाठीमागे नाव-पत्ता असेल तर तो झाका, आणि मनानं रचलेली गोष्ट खरी म्हणून सांगू नका. राजवाड्यामागच्या एखाद्या घरात त्या बाईंची नात असेलही. तिनं ओळखलं, तर अल्बम देऊन टाका. साठ रुपये मागू नका हं.