फुफ्फुसाचा कॅन्सर : रक्ताचे आकडे किती ऐकायचे?

प्रश्न : बाबांची चौथी स्टेज आहे. केमोच्या दिवशी सकाळी केलेल्या सीबीसीत (रक्तपेशींची मोजणी) न्यूट्रोफिल ८४ आणि लिम्फोसाइट ८ टक्के (दोन्ही पांढऱ्या पेशी) आलेत. हे गुणोत्तर ५ च्या वर गेलं की फार दिवस उरत नाहीत, असं वाचलं. खरं आहे का? (सातारा)

उत्तर : ८४ भागिले ८, म्हणजे साडेदहा. गुणोत्तर वाढलेल्या रुग्णांचं आयुर्मान सरासरीनं कमी असतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. शरीरात दाह जास्त आणि कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी कमी, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण रक्त कोणत्या दिवशी काढलं ते आधी बघा. बाबांना पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध चालू असेल, तर आदल्या दिवसापासून डेक्सामेथासोनच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात. या स्टेरॉइडनं न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. मग साडेदहातला किती भाग कॅन्सरचा आणि किती गोळीचा? न्यूमोनिया किंवा टीबी असला तरी आकडा असाच फुगतो. उपचार सुरू होण्याआधीचा सीबीसी काढून शेजारी ठेवा आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. शिवाय सरासरी ही शेकडो रुग्णांची असते. एकट्या बाबांचे दिवस त्यातून मोजता येत नाहीत, मीही मोजणार नाही.

प्रश्न : इम्युनोथेरपीआधी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागवणारा उपचार) डॉक्टरांनी एलडीएच (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) बघून आईचा स्कोअर ‘वाईट’ सांगितला. एवढा खर्च करावा का? (नाशिक)

उत्तर : हा बहुधा २०१८ साली मांडलेला ‘लिपी’ स्कोअर असावा. न्यूट्रोफिलला उरलेल्या पांढऱ्या पेशींनी भागून उत्तर ३ च्या वर आलं तर एक गुण, एलडीएच प्रयोगशाळेच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर आणखी एक. दोन गुण म्हणजे वाईट गट. मात्र या गटातल्या रुग्णांना केमो दिली तरी निकाल कमीच लागतात. आजार किती जोरात आहे, एवढंच स्कोअर सांगतो. औषध कोणतं निवडायचं, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी बायोप्सीच्या तुकड्यावरची पीडी-एल१ (इम्युनोथेरपी किती लागू पडेल याचा अंदाज देणारं प्रथिन) आणि ईजीएफआर, एएलके (कॅन्सरच्या पेशीतली जनुकं) या तपासण्या लागतात. त्या झाल्या नसतील तर खर्चाचा निर्णय थांबवा, आधी त्या करून घ्या. ईजीएफआर किंवा एएलकेमध्ये बदल सापडला तर सहसा गोळीचा उपचार आधी येतो, आणि मग सगळं चित्रच बदलतं.

एलडीएचबद्दल आणखी एक. नळीतल्या तांबड्या पेशी फुटल्या की तो खोटाच वाढतो. रिपोर्टखाली ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर रक्त पुन्हा द्या.

प्रश्न : सीईए (रक्तातला कॅन्सरचा एक मार्कर) ७ वरून ११ झाला. आजार उलटला का? (पणजी)

उत्तर : एवढ्यावरून नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत सीईए थोडा वाढलेलाच असतो, आणि उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत तो तात्पुरता चढूही शकतो. त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासा. चढतच राहिला तर स्कॅन करा. उपचार बदलायचा तो स्कॅन बघून.

प्रश्न : अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) २.८ आहे. रोज चार अंडी देतोय, तरी वाढत नाही. (लातूर)

उत्तर : अंडी चालू ठेवा, ताकदीला हवीतच. पण दाह असेपर्यंत यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं, त्यामुळे नुसत्या खाण्यानं तो आकडा हलत नाही. सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. तो लिटरमागे १० मिलीग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, ही जोडी गंभीर धरतात. तेव्हा ताप, छातीत पाणी, जंतुसंसर्ग यांचा शोध घ्यायला सांगा. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा आणि ती वही पुढच्या भेटीला सोबत न्या.