‘बिग बॉय’ हे वाफेचं रेल्वे इंजिन बघायला लोक रुळांकाठी इतकी गर्दी का करतात?

कारण त्याची ताकद उघड्यावर दिसते. डिझेल इंजिनात सगळं पत्र्याआड चालतं. इथे चाकांना फिरवणारे जाडजूड दांडे, पिस्टन, वाफेचे फवारे थेट डोळ्यांसमोर, आणि धडधड तळपायांना जाणवते.

अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी १९४१ ते १९४४ दरम्यान अशी २५ इंजिनं बांधली गेली, वासाच पर्वतातल्या चढावर जड मालगाड्या ओढायला. टेंडरसह (इंजिनामागचा इंधन-पाण्याचा डबा) लांबी सुमारे ४० मीटर! एवढं धूड वळणार कसं? पुढच्या चाकांचा संच बॉयलरखाली स्वतंत्रपणे वळतो. (मला हीच रचना सर्वांत सुंदर वाटते.)

आठ शिल्लक आहेत, पण चालतं फक्त ४०१४ क्रमांकाचं. दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये ते पुन्हा धावलं, आता कोळशाऐवजी तेलावर. बघायला गेलात तर रुळांपासून लांबच उभे राहा.