वार पुन्हा खाली असेल का?

गुहागर तालुक्यातून पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनीस सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे. तिच्या वेळी वार, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणारा भाग, खाली, पिशवीच्या (गर्भाशयाच्या) तोंडाशी होती. 33व्या आठवड्यात मध्यरात्री, पोटात कळ नसताना, एकाएकी रक्त जाऊ लागले. चिपळूणपर्यंतचा रस्ता तुम्ही जीपच्या मागच्या सीटवर आडव्या पडून काढलात, तातडीने सिझेरियन झाले, बी निगेटिव्ह रक्ताच्या 2 पिशव्या मिळवता मिळवता पहाट झाली आणि बाळ 16 दिवस काचेच्या पेटीत राहिले. आता पुन्हा दिवस गेले आहेत, 9वा आठवडा चालू आहे, आणि बाथरूममध्ये गेल्यावर दर वेळी आधी कपडा पाहते, मग श्वास सोडते, असे तुम्ही लिहिता. जाऊबाई म्हणतात, झाले गेले विसर. सासूबाई म्हणतात, विहिरीवरून हंडे आणलेस म्हणून तसे झाले. आणि तुमचा प्रश्न आहे की हे बाळ ठेवावे की नाही.

आधी हंड्यांचे. गर्भ पिशवीत कुठे रुजतो हे अगदी पहिल्या आठवड्यांत, बहुधा पाळी चुकल्याचे लक्षात येण्याच्याही आधी ठरते आणि वार तिथेच तयार होते. हंडा उचलल्याने, जिना चढल्याने किंवा प्रवास केल्याने वर असलेली वार खाली येत नाही. सासूबाईंशी वाद घालू नका, पण हा दोष स्वतःच्या डोक्यावरून आजच उतरवा.

ज्यांची वार एकदा खाली होती अशा 100 जणींपैकी साधारण 4 ते 8 जणींना पुढच्या खेपेस पुन्हा तसे होते. एरवी हे प्रमाण 200 गरोदरपणांत साधारण 1 असते, म्हणजे तुमची भीती निराधार नाही; तरीही नव्वदांहून अधिक जणींच्या बाबतीत वार या वेळी वरच असते. तुमच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट पाहावी लागेल, ती म्हणजे सिझेरियनच्या टाक्यांची जागा. वार पुन्हा खाली, त्या जुन्या व्रणावर आली, तर ती पिशवीच्या भिंतीत रुतून बसण्याचा धोका असतो. एक सिझेरियन झालेले असताना वार खाली असेल, तर तो 100 पैकी सुमारे 11 जणींना संभवतो. म्हणून गर्भ व्रणापासून दूर रुजला आहे ना, हे सोनोग्राफीत आताच पाहून घ्या. पुढे 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार खाली दिसली तरी धीर सोडू नका, कारण पिशवीचा खालचा भाग नंतर ताणत जातो आणि बहुतेकींची वार तोंडापासून आपोआप दूर होते. 32व्या आठवड्यात पुन्हा पाहतात. आतून केलेली सोनोग्राफी यासाठी अधिक नेमकी असते आणि वार खाली असली तरी ती सुरक्षित असते.

जाऊबाईंचा सल्ला मला मान्य नाही. मागच्या वेळची फाईल कपाटाच्या तळाशी साड्यांखाली आहे आणि तुम्ही ती एकदाही उघडलेली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ती या आठवड्यात बाहेर काढा. पिशवीवर छेद कसा घेतला, वार सहज सुटली की ओढून काढावी लागली, तुमचा गट निगेटिव्ह असल्याने नंतर अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाला आईच्या रक्तातून अपाय होऊ नये म्हणून देतात ते) दिले होते का, हे डिस्चार्ज कार्डवर असायला हवे आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ते लागेल. एकटीने वाचवत नसेल तर न वाचता तशीच त्यांच्या टेबलावर ठेवा. हिमोग्लोबिनही आत्ताच तपासा. ते 11च्या खाली असेल तर भरून काढायला हाती महिने आहेत, आणि रक्त गेलेच तर हीच शिल्लक कामी येते.

दिवस मोजून पाहिले, तर तुमचा 32वा आठवडा मेच्या अखेरीस आणि 36वा जूनच्या अखेरीस, ऐन पावसात येतो. वार तेव्हाही खालीच असेल, तर त्याआधीच रक्तपेढी आणि मोठे रुग्णालय जवळ असेल अशा ठिकाणी मुक्काम हलवणे शहाणपणाचे. चिपळुणातल्या मावशींकडे राहण्याचा विचार चांगला आहे. फक्त वाशिष्ठी नदीचे पाणी कुठवर चढते ते जुलै 2021च्या पुरात सर्वांनी पाहिले आहे, तेव्हा मावशींचे घर कोणत्या आळीत आहे तेही ध्यानात घ्या. रक्त दिसले, मग ते थोडे असो वा न दुखता जात असो, तर सकाळची वाट न पाहता 108ला फोन करा, आणि तपासणाऱ्यांना प्रथम हे सांगा की मागे वार खाली होती. ती कुठे आहे हे सोनोग्राफीत कळेपर्यंत बोटांनी आतून तपासणी होता कामा नये.

बाळ ठेवावे की नाही, याचे उत्तर मी देणार नाही. कायद्याने 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो आणि सज्ञान स्त्रीला त्यासाठी पतीची किंवा सासूबाईंची संमती लागत नाही. जितका लवकर, तितका तो सोपा, हेही खरे. पण तुमच्या चार पानांत ‘नको’ हा शब्द एकदाही आलेला नाही, ‘भीती’ मात्र अकरा वेळा आला आहे. गर्भ कुठे रुजला आहे हे सोनोग्राफीत कळल्यावर हा प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा.

राहता राहिले यजमान. ते “काही होत नाही गं” म्हणून विषय बदलतात, अशी तुमची तक्रार आहे. त्याच पत्रात तुम्ही ओघाने लिहून गेला आहात की त्या रात्रीचा निळा शर्ट त्यांनी धुऊन ठेवला, पण पुन्हा कधी अंगावर चढवला नाही. रक्तासाठी रात्रभर फोन फिरवणारे तेच होते. त्यांना धीर द्यायला सांगू नका, काम सांगा: गावातल्या आणि नात्यातल्या निगेटिव्ह गटाच्या माणसांची नावे व फोन नंबर त्यांनी स्वतःच्या हाताने एका वहीत उतरवावेत, आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा बाहेरच्या बाकावर न थांबता तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसावे.