इच्छामरण की दयामरण?

एका परिचारिकाताईंनी विचारलं आहे: डॉक्टरांनी औषध लिहून द्यायचं आणि रुग्णाने ते आपल्या हाताने घ्यायचं, याला इच्छामरण म्हणावं की दयामरण? आणि त्यात सिस्टरचा वाटा असेल तर त्याला काय म्हणावं?

दोन्ही शब्द बसत नाहीत. इच्छामरण महाभारतातलं. शंतनूच्या वराने भीष्म मरण थोपवून उत्तरायणापर्यंत शरपंजरी राहिले. बाण काढायला आलेल्या वैद्यांना तर त्यांनी परत पाठवलं! दयामरणात दया दुसऱ्याची आणि कृतीही दुसऱ्याचीच. तुम्ही विचारलेल्या प्रकारात शेवटचा घोट रुग्ण स्वतः घेतो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९९७ पासून हे कायदेशीर आहे आणि तिथला कायदा याला आत्महत्या मानत नाही. आपल्याकडे मात्र अशी मदत म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा ठरू शकतो. म्हणून कानाला खुपलं तरी मी 'डॉक्टरांच्या मदतीने आत्महत्या' असंच लिहीन.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात दोन्ही शब्द सर्रास वापरले गेले. १९७३च्या हल्ल्यानंतर आपली इच्छा सांगण्याच्या अवस्थेत त्या कधी आल्याच नाहीत, मग इच्छामरण कसलं? २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांना अन्न देणं थांबवावं म्हणणाऱ्या याचिकाकर्तीचा नव्हे, तर वर्षानुवर्षं त्यांना घास भरवणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. सिस्टरांना त्या जगायला हव्या होत्या.

आता सिस्टरच्या कामाचं. कॅनडात २०१६पासून विशेष पात्रतेच्या परिचारिकांना प्राण संपवणारं औषध द्यायचीही मुभा आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने मुभा आहे ती, ठरलेली प्रक्रिया पाळून, जीव लांबवणारे उपचार थांबवण्याची. त्याला 'उपचार थांबवणे' हाच शब्द बरा. व्हेंटिलेटर काढला तरी वेदनाशामक देणं, तोंड ओलं करणं, कूस बदलणं चालूच राहतं. त्याला आपल्याकडे शुश्रूषा म्हणतात (सुश्रुषा नव्हे, रुग्णालयांच्या पाट्यांवर काहीही असो). संस्कृतात तिचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. 'आता सोडवा मला' हे रात्रपाळीच्या सिस्टरलाच तर आधी ऐकू येतं.

ते ऐकलंत तर नोंदवहीत 'रुग्णाने इच्छामरण मागितले' असं लिहू नका. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहा, वेळ घाला आणि डॉक्टरांना कळवा. त्या वाक्यामागे कधी मरणाची मागणी असते, कधी न सोसणारी कळ, कधी नुसती नाकातली नळी.